खाटेवरचा तपास

आमच्या साहेबांना मी बसलेलं फार थोड्या वेळा पाहिलं, उभं तर त्याहूनही कमी. लालबागला आमच्या चाळीत पहिल्या मजल्यावर, जिना चढून आलं की कोपऱ्यात, गॅलरीत एक लोखंडी खाट असायची आणि त्या खाटेवर साहेब असायचे. डोक्याखाली तक्क्या, पोटावर पेपर, एक पाय कठड्याच्या गजांतून बाहेर काढलेला. वर भिंतीला पाटी होती, ‘खासगी तपास. झोपलेले दिसल्यास हलवू नये, विचार चालू असतो.’ ही पाटी रंगाऱ्याला सांगताना ते आडवे होते आणि ती ठोकली जात होती तेव्हा खरोखरच झोपले होते.

डिटेक्टिव्ह म्हटलं की लोकांना लांब कोट आठवतो. आमच्या साहेबांकडे पट्ट्यांचा लेंगा आणि बाह्यांचं बनियन होतं. अशील आलं की त्याचा मान राखायचा म्हणून ते बनियनवर टॉवेल टाकायचे. अशील मोठं असेल तर धुतलेला टॉवेल.

मी त्यांच्याकडे नोकरीला होते. बी.कॉम. झाले, परळला एका ऑफिसात चिकटले, तिथला साहेब खुर्चीत बसून दिवसभर ओरडायचा. ते सोडलं आणि आमच्याच मजल्यावरच्या, न ओरडणाऱ्या या साहेबांकडे लागले. ओरडायलाही श्रम पडतात, हे कारण मला नंतर कळलं. मुलाखत खाटेशीच झाली.

“जिने चढता येतात?” त्यांनी विचारलं.

“येतात.”

“उतरता?”

“हो.”

“मग झालं. मला दोन्हीचा कंटाळा आहे.”

आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “तो मेला लोळतो आणि तू त्याच्यासाठी वणवण फिरणार. याला नोकरी नाही, संसार म्हणतात.”

आधी साहेब एका विमा कंपनीत होते. जळालेली गोदामं आपोआप जळाली की कोणी जाळली, हे बघायला जायचं. ती नोकरी का सोडली, असं विचारलं की म्हणायचे, “गोदाम जळणार ते कायम लांबचं. घराजवळ एक तरी जळावं की नाही?” मग ते खाटेवर आले ते आलेच. चाळीतल्या म्हाताऱ्या त्यांना ‘लोळणारा’ म्हणायच्या, पोरं ‘डिटेक्टिव्ह’ म्हणायची आणि स्थानिक पोलीस चौकीतला हवालदार काहीच म्हणायचा नाही, नुसता येऊन खाटेच्या पायथ्याशी बसायचा. त्याच्याकडे अडलेलं काहीतरी असायचं. साहेब डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “चोर पळाला ना? पळू दे. तो दमला की घरी येतो. घर कुठाय ते शोधा आणि तिथे जाऊन बसा. बसायला तरी जमेल ना तुम्हाला?” हवालदार चहा पिऊन जायचा. चहा शेजारच्या घरातून यायचा, सांगायचा साहेबांनी आणि प्यायचा दोघांनी.

आमचा धंदा मुख्यतः लग्नाआधीच्या चौकशांचा. मुलगा दारू पितो का, आधीचं काही आहे का, नोकरी सांगतो ती खरी का. पहिल्याच कामाला मी उत्साहाने रुमाल-बिमाल बांधून दादरच्या एका मुलाच्या मागे जायला निघाले, तर साहेब म्हणाले, “त्याच्या मागे कशाला? दमशील. त्याच्या आईकडे जा. गॅसवाली बन, जनगणनावाली बन, काहीही बन, आणि बोलता बोलता विचार, तुमच्या मुलाला जेवायला काय आवडतं.”

मी गेले. विचारलं. त्या माऊलीने छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “वरणभात.”

परत येऊन सांगितलं तसे साहेब कुशीवर वळले. “संपलं. एकुलत्या एका मुलाच्या आईला हे आठवायला लागतं? तो कित्येक महिने घरी जेवलेला नाही. जेवतो तिथे त्याचं दुसरं घर आहे.” होतंच. भांडुपला होतं, पाळण्यासकट होतं. मुलीकडच्यांनी साहेबांना पेढे आणून दिले आणि साहेबांनी ते पडल्या पडल्या खाल्ले.

“माणूस तोंडाने खोटं बोलतो,” ते सांगायचे, “पण त्याच्या सवयींना खोटं बोलता येत नाही. त्या बिचाऱ्या भोळ्या असतात.” हे त्यांचं एकुलतं एक शास्त्र. बाकी त्यांना कशाचंही सोयरसुतक नव्हतं. देवाधर्माचं तर नाहीच. चाळीत सत्यनारायण असला की बरोबर शिऱ्याच्या वेळी त्यांची वाटी कोणाच्या तरी हातून खाली जायची. भटजींना एकदा त्यांनी गॅलरीतूनच विचारलं होतं, “काय हो, प्रसाद घ्यायला विसरला म्हणून माणसाची बोट बुडवतात, ही केस कुठल्या पोलीस ठाण्यात जाते?” भटजी हुशार होते. ते म्हणाले, “तुम्ही प्रसाद विसरत नाही, तुम्हाला काळजी नाही.” साहेबांना हे इतकं आवडलं, की त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पाठवली.

श्रावणातली गोष्ट तर अजून सांगतात. गच्चीवर कोणीतरी वाळत घातलेले बोंबील रोज थोडे थोडे कमी होऊ लागले. मांजर म्हणावं तर मांजर निवडून मोठे नेत नाही. चाळीच्या सेक्रेटरींनी रीतसर तपास साहेबांकडे सोपवला. साहेबांनी गंभीरपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चोर मीच. उगाच पोरीला जिने चढायला लावू नका.” सेक्रेटरी म्हणाले, “अहो, श्रावण आहे.” तर हे म्हणतात, “म्हणून तर भीती नव्हती. बाकी कोणी हात लावणार नाही, सगळे मलाच उरणार.” सेक्रेटरी वर्षभर त्यांच्या खाटेशेजारून जाताना मान वळवून जात.

आता मूळ गोष्टीला येते. ती माझ्या लग्नाची आहे, आणि ते लग्न होतं की मोडतं, हे त्या खाटेवर ठरलं.

माझं लग्न शेजारच्या चाळीतल्या मुलाशी ठरलं होतं. आम्ही कोकणातले, तो बौद्ध. माझगावच्या गोदीत बोटींच्या इंजिनाचं काम शिकला आणि मग बोटीवरच लागला. लग्न रविवारी, दादरच्या हॉलमध्ये, आणि पुढच्याच आठवड्यात त्याची बोट निघणार होती ती थेट पावसाळ्यानंतर परतायची. आईला मुलगा आवडला होता. प्रश्न बाबांचा होता. बाबा वाईट नव्हते, पण बाबांच्या मागे दादाकाका होते.

दादाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. बाबांना पोरसवदा असताना गावाहून मुंबईत आणलं ते त्यांनी, गिरणीत चिकटवलं ते त्यांनी, ही खोली मिळवून दिली ती त्यांनी. आमची भावकी, म्हणजे गावच्या एकाच मूळ घराण्यातून फुटलेली सगळी घरं, त्यांचा शब्द खाली पडू द्यायची नाही. काकी जाऊन खूप वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. समोरच्या विंगेत ते एकटे राहायचे, ते आणि त्यांचे देव. पहाटे उठून आंघोळ, दारातल्या डब्यांत लावलेल्या जास्वंदीची फुलं, मग घंटा आणि कापूर. चाळीतल्या लोकांनी घड्याळं त्या घंटेवर लावावीत. त्या जास्वंदीला कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. खालच्या मजल्यावरच्या एका सुनेने एकदा एक फूल तोडलं, तर तिच्या सासऱ्याशी त्यांनी बोलणं टाकलं होतं.

आम्हाला वाटलं होतं, दादाकाका आकाशपाताळ एक करतील. तसं काही झालं नाही. “काळ बदललाय, पोरं सुखी तर आपण सुखी,” असं म्हणाले. हॉल बघायला आले, जेवणात जिलेबी असू दे म्हणाले. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवले. पण बाबांचा होकार हा दादाकाकांच्या होकारावर उभा होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्न जरा लांबणीवर पडलं असतं, चार पाहुण्यांनी चार गोष्टी कानात घातल्या असत्या, तर बाबा मागे फिरले असते. मी पळून जाऊन लग्न करू शकत होते. माझ्या होणाऱ्या नवऱ्याने तसं विचारलंही. पण मला बाबांशिवायचं लग्न नको होतं. मला ते हॉलच्या दारात उभे हवे होते.

मंगळवारी संध्याकाळी दादाकाका आमच्याकडे आले. उंबऱ्याबाहेरच थांबले आणि म्हणाले, “भिकाआबा गेले. गावाहून निरोप आला.”

भिकाआबा म्हणजे गावचे आमचे म्हातारे आजोबा. सख्खे नव्हेत, पण भावकीतले, म्हणजे सुतक आलं. डोंगराच्या अंगाला एकटेच राहायचे, फोन नव्हता. आमच्या गावात मोबाइल लागायचा म्हणजे टेकडीवर चढून हात वर करायला लागतो. बाबा मटकन खाली बसले. भिकाआबांसाठी थोडे आणि माझ्यासाठी जास्त, असं मला वाटलं.

“लग्न पुढे न्यावं लागेल,” दादाकाका म्हणाले. “माझा तरी काय इलाज आहे? सुतकात अक्षता कशा टाकणार?”

त्यांनी ती बातमी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. भिकाआबांचा कुठल्याशा लग्नातला, बाजूची माणसं कापलेला फोटो, खाली दिवा. बघता बघता ठाण्यापासून विरारपर्यंतची सगळी भावकी हात जोडून मोकळी झाली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘देव सद्गती देवो’, ‘एक पर्व संपले’. कोणीही कोणाला विचारलं नाही की अरे, बातमी दिली कोणी? कसं विचारणार? मेलेल्या माणसाबद्दल खात्री करून घेणं हे आमच्यात अपशकुनी समजतात.

माझी होणारी सासू दुसऱ्या दिवशी आली. ती पालिकेच्या शाळेत शिपाई होती, बोलणं सरळ. म्हणाली, “आमच्यात सुतक-बितक नाय ग. पण तुझ्या बापाला रडवून सून आणायची मला पण हौस नाय. काय करायचं ते तुमी ठरवा, आमी थांबू.” थांबू म्हणाली खरी, पण थांबायचं म्हणजे बोट परत येईपर्यंत. तोवर बाबांचं काय झालं असतं, हे तिलाही कळत होतं.

त्या दिवशी मी कामाला गेले नाही. गुरुवारी सकाळी साहेबांनी हाक मारली. स्वतःहून हाक मारली, म्हणजे प्रकरण गंभीर असणार. मी जाऊन खाटेच्या कडेला बसले. डोळे सुजलेले होते, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

“समोर बघ,” म्हणाले. “दादाच्या दाराकडे. काय दिसतं?”

“दार बंद आहे.”

“सकाळी या वेळेला असतं बंद?”

“नाही. पण सुतक आहे ना, पूजा नाही. ते आतच बसतात.”

“बरं. आता झाडं बघ.”

मी बघितली. “हिरवी आहेत.”

“तेच म्हणतो मी. लाल कुठे गेलं?”

साहेब एका कुशीवर झाले. हा त्यांचा व्यायाम होता. “दादाची जास्वंद रोज फुलते. झाडाला सुतक लागत नाही. बुधवारी पहाटे मी मोरीला उठलो तेव्हा फुलली होती, मी बघितली. पूजा बंद, तर फुलं झाडावर राहायला हवीत. संध्याकाळी मिटतील, दुसऱ्या दिवशी खाली पडतील. पण चहा येईपर्यंत झाड साफ. आज पण तेच. कोणी तोडली? त्या फुलांना हात लावायची या चाळीत कोणाची छाती आहे?”

“दादाकाकांचीच,” मी म्हटलं.

“घंटा वाजली नाही. पण कापराचा वास आला. दाराच्या फटीतून कापूर थांबवता येत नाही.” ते पुन्हा उताणे झाले. “जा, त्यांच्या शेजारच्या काकूंना विचारून ये. दादाचे देव सध्या कोण पूजतं? सुतकात बाहेरच्या माणसाला सांगतात ना तुमच्यात?”

मी धावत जिने उतरले आणि समोरचे चढले. काकू म्हणाल्या, “मी विचारलं होतं बाई, मी घालते देवांना पाणी. तर म्हणाले, नको, देव पारोसे राहू देत या वेळी.” दादाकाका आणि पारोसे देव. हा माणूस जन्मात कधी, तापात कण्हत असतानाही, देव पुजल्याशिवाय चहाला शिवला नव्हता.

परत आले तेव्हा मला रडूही येत होतं आणि हसूही. मी म्हटलं, “साहेब, भिकाआबा जिवंत आहेत. गावाला माणूस पाठवू या? नवरदेवालाच सांगू का जायला?”

“मेलेला माणूस शोधायला अख्खं गाव कशाला पालथं घालायचं?” साहेब म्हणाले. “मारणारा समोरच राहतो. उद्या भावकी जमणार आहे ना चौकात? जमू दे. चहा सांग.”

शुक्रवारी संध्याकाळी उन्हं अजून चौकात होती तेव्हा भावकी जमली. गणपतीच्या मंडळाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या काढल्या होत्या. मधल्या खुर्चीत दादाकाका, दाढीचे खुंट वाढलेले, कपाळ गंधाशिवाय कोरं. त्यांच्याशेजारी बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, जिच्यापुढे दादाकाकाही आवाज चढवत नसत. बाबा खांबाला टेकून उभे होते. सासू आणि मुलगा जिन्याशी उभे होते, खुर्ची दिली तर नको म्हणाले. वरच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. बिनतिकिटाचा एवढा खेळ आमच्या चाळीत कोण सोडतो?

दादाकाका बोलायला लागले. आबांच्या आठवणी झाल्या, त्यांच्या हातच्या पेजेचं कौतुक झालं. मग म्हणाले, “लग्न काय, पुढे होईल. बोट गेली तर येईल. घाईने सुतकात उरकलं तर पोरीलाच बाधेल. माझं काळीज तुटतं, पण रीत ती रीत.” भावकीने माना डोलावल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. एवढ्यात वरून आवाज आला.

“दादा, एक विचारू?”

सगळ्यांनी वर बघितलं. कठड्याच्या खालच्या गजांतून साहेबांचं डोकं बाहेर आलं होतं. बाकीचे साहेब खाटेवरच होते.

दादाकाका तडकले. “भावकीच्या बैठकीत तुझं काय मधेच? आणि विचारायचं तर उठून विचार.”

“आज भिकाआबा उठायचेत, मी कशाला उठू?” चौकात हसू फुटता फुटता दाबलं गेलं. “साधी गोष्ट आहे. तुमच्या जास्वंदीची फुलं बुधवारपासून कोण तोडतं?”

“गळली.”

“गळली तर खाली दिसली नाहीत.”

“कोणा पोराने नेली असतील.”

“तुमची फुलं? अहो, त्यापायी तुम्ही माणसं तोडलीत.” खालच्या मजल्यावरचे ते सासरे गॅलरीतून मोठ्याने खाकरले. साहेबांचा आवाज मात्र चढला नाही. तो कधीच चढत नसे. “कापराचा वास माझ्यापर्यंत आला, दादा. दार लावून, घंटा न वाजवता तुम्ही पूजा करताय. करा. मी देवाच्या भानगडीत पडत नाही. पण भावकीला एवढंच सांगा. सुतकात देवाला शिवलात, की सुतकच नाही? दोनातलं एक. मला तिसरं सुचलं नाही, मी दोन दिवस आडवं पडून विचार केला.”

दादाकाकांच्या तोंडाकडे सगळे बघत होते. मीही बघत होते आणि मला त्या क्षणी त्यांची थोडी कीव आली, खोटं कशाला सांगू. कारण मला माहीत होतं, हा माणूस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही. तो जिवंत माणसाला मारू शकत होता, माझं लग्न मोडू शकत होता. पण सुतक नाही हे मनाला माहीत असताना तो देव उपाशी ठेवू शकत नव्हता.

आत्या खुर्चीतून पुढे वाकली. “दादा,” ती म्हणाली, “सुतकात देवाक हात लावलंस तू?”

आत्याने पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात. दादाकाकांनी हात वर करून कोऱ्या कपाळाला लावला.

“मी माझ्या देवाला कधी विटाळ केला नाही,” ते म्हणाले. “तेवढं पाप माझ्या हातून व्हायचं नाही.”

“म्हणजे?”

“सुतक नाही. आबा लेकीकडे गेलेत, तिच्या सासरी. बरे आहेत.”

मग तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी शिट्टी मारली आणि अख्खी चाळ उसळली. बायका थाळ्या वाजवायला लागल्या, पोरं नाचायला लागली, ग्रुपवर ‘एक पर्व संपले’ लिहिणारा माझा एक चुलतभाऊ घाईघाईने फोन काढून ते पुसायला लागला. सासूने पदराने डोळे टिपले आणि मला लांबूनच दम दिला, “रडतेस काय, मेंदीचं बघ.” पण मी बाबांकडे बघत होते. बाबा खांब सोडून दादाकाकांच्या समोर जाऊन उभे राहिले. ज्या माणसाने त्यांना हाताला धरून मुंबईत आणलं, त्याच्यापुढे बाबा जन्मात ताठ उभे राहिले नव्हते.

“दादा,” बाबा म्हणाले, “उद्यापासून पूजा दार उघडं ठेवून कर. आणि रविवारी हॉलवर वेळेत ये.”

एवढंच बोलले आणि ते तडक जिन्याशी गेले, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा हात धरला आणि त्याला खुर्चीत आणून बसवलं. या वेळी तो नको म्हणाला नाही.

मी वर धावले. साहेब उताणे, पोटावर पेपर. मी त्यांच्या पायांना हात लावायला गेले तर त्यांनी पाय आखडते घेतले. “गुदगुल्या होतात,” म्हणाले. मग म्हणाले, “देव आहे का नाही मला माहीत नाही. पण साक्षीदार म्हणून एक नंबर आहे. फितत नाही.”

साहेब आता लालबागला नाहीत. चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहतोय, आणि तो होईपर्यंत ते भाड्याने डोंबिवलीला राहतात. फोनवर कुरकुर करतात की इथे प्रत्येकाचं दार बंद, लोकांना सवयी आहेत की नाहीत तेच कळत नाही. तरी गेल्या महिन्यात त्यांनी सोसायटीत कोणाचं तरी हरवलेलं कुत्रं बाल्कनीतून शोधून दिलं. मी विचारलं, “उठावं लागलं का?” तर म्हणाले, “कुत्र्याला उठावं लागलं.”

पण त्या रविवारी माझ्या लग्नाला मात्र ते आले. टॅक्सीने दादरला आले, बगलेत तक्क्या, अंगात इस्त्रीचा शर्ट. हॉलमध्ये आधी बुद्धमूर्तीसमोर वंदना झाली, मग माझ्या मावशीच्या हट्टाखातर मंगलाष्टकं झाली, आणि दोन्ही वेळेला साहेबांनी पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर डोळे मिटले होते. जिलेबीच्या वेळी मात्र आपोआप उघडले. बाबा सकाळपासून हॉलच्या दारात उभे होते. भावकीतला जो येईल त्याला हात जोडून सांगत होते, “या, या. सुतक नाही.” दादाकाका आले, दाढी केलेली, कपाळाला गंध. मागच्या रांगेत जाऊन बसले. बाबांनी त्यांना पुढे बोलावलं नाही आणि जेवल्याशिवाय जाऊही दिलं नाही.

आणि भिकाआबा आले. लेकीच्या सासरहून रात्रीच्या एसटीने परळला उतरले, धोतर, काळी टोपी, हातात काठी. त्यांना बघून भावकीची जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. ज्यांनी ज्यांनी श्रद्धांजली वाहिली होती ते सगळे ओळीने पाया पडायला लागले. आबा प्रत्येकाला म्हणत होते, “मी मेलंय ह्यां माका कोणी सांगूक नाय.” कोणीतरी धीर करून माफी मागितली, तर म्हणाले, “बरा केलात. खोटा मराण इला काय आयुष्य वाढता.” त्यांना साहेबांशेजारी सोफ्यावर बसवलं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. ओळख करून द्यावी लागली नाही.

जेवणं उरकत आली तेव्हा आबांनी काठीने खूण करून माझ्या नवऱ्याला जवळ बोलावलं. वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दंड चाचपून बघितला. आजूबाजूला भावकी होती, दादाकाकाही उठून आले होते.

“काय रे जावया,” आबांनी विचारलं, “मी खराच मेलंय तर खांदो देशीत मां?”

आमच्यात तिरडीला खांदा भावकीतला माणूस देतो. बाहेरच्याला कोणी विचारत नाही, आणि तो बाहेरचा म्हणजे कोण, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला.

बाबांच्या हातात पानाचं तबक होतं. ते त्यांनी दादाकाकांच्या हातात दिलं आणि आबांच्या पायाशी बसले.

“देईल,” बाबा म्हणाले. “पुढचा खांदा त्याचा आहे, आबा. मी त्याच्या मागे असेन.”